बदलत्या चुंबकत्वाची वीज

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

गावात राहणाऱ्यांना 'डीपी' म्हणजे काय हे सांगायला नको. दोन खांबांच्या मध्ये, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर बसवलेली राखाडी रंगाची लोखंडी पेटी. जवळ गेलं की मंद घूंऽऽ असा आवाज येतो. सरकारी कागदावर हिचं नाव 'रोहित्र' असं असतं, इंग्रजीत ट्रान्सफॉर्मर; पण डीपी जळाली म्हटलं की गावाला सगळं कळतं. दळण थांबतं, विहिरीवरची मोटार थांबते, आणि ऊस किंवा कांदा पाण्यावर आलेला असेल तर घरातल्या माणसांची झोपही उडते.

या पेटीच्या आत काय असतं? तेल असतं, लोखंडाच्या पातळ पट्ट्यांचा एक गठ्ठा असतो, आणि त्यावर गुंडाळलेली तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारांची वेटोळी असतात. वरून ११,००० व्होल्टची वीज येते ती एका वेटोळ्यात जाते. घराकडे जाणारी वीज निघते ती दुसऱ्या वेटोळ्यातून. आणि गंमत अशी, की ही दोन वेटोळी एकमेकांना कुठेही जोडलेली नसतात. मध्ये कागद आणि तेलाचं चांगलं जाडजूड आवरण असतं. मग एकीकडची वीज दुसरीकडे जाते कशी? पाण्याच्या दोन टाक्या शेजारीशेजारी ठेवल्या, नळी जोडलीच नाही, आणि तरी एकीत पाणी ओतलं की दुसरीचा नळ वाहू लागला, असं कुणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. डीपीत मात्र हेच चोवीस तास चाललेलं असतं.

या प्रश्नाचं उत्तर ज्या दिवशी मिळालं तो दिवस आपल्याला नक्की ठाऊक आहे. २९ ऑगस्ट १८३१. जागा लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन, आणि माणूस मायकेल फॅरडे.

त्याच्या आधी अकरा वर्षं, १८२० साली, डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवून दिलं होतं, की तारेतून वीज वाहू लागली की शेजारी ठेवलेली होकायंत्राची सुई वळते. म्हणजे विजेपासून चुंबकत्व मिळतं. झालं, युरोपभरच्या शास्त्रज्ञांच्या मनात उलटा प्रश्न उभा राहिला: विजेपासून चुंबकत्व मिळत असेल, तर चुंबकत्वापासून वीज का मिळू नये? प्रश्न अगदी सरळ, पण उत्तर मिळायला अकरा वर्षं लागली. माझ्या मते शोधापेक्षाही ही अकरा वर्षं जास्त शिकवून जातात, कारण एवढी हुशार माणसं नेमकी कुठे अडली ते त्यात दिसतं.

त्यांनी काय केलं? तारेचं वेटोळं घेतलं, त्यात चुंबक ठेवला, तारेची टोकं वीज दाखवणाऱ्या उपकरणाला जोडली आणि पाहत बसले. काटा हलेना. मग मोठा चुंबक आणला. तरी हलेना. जास्त वेढे दिले. तरी नाही. सगळ्यांनी धरून ठेवलेलं एक गृहीत होतं: तारेत वीज वाहते आहे तोवर सुई वळलेली राहते, तसंच चुंबक जवळ आहे तोवर वीज वाहत राहील. खुद्द फॅरडेनेही १८२०च्या दशकात अधूनमधून असे प्रयोग करून पाहिले होते, आणि वहीत 'काही परिणाम नाही' अशा अर्थाची नोंद करून तो दुसऱ्या कामाला लागला होता.

जिनिव्हाच्या कोलाडोनची हकीकत तर चुटपुट लावणारी आहे. १८२५ साली तो हाच प्रयोग करत होता. त्याच्याकडे मोठा चुंबक होता, आणि त्याचा परस्पर ओढा वीजमापकाच्या सुईवर पडू नये म्हणून त्याने काळजीपूर्वक तो मापक दूर, दुसऱ्या खोलीत ठेवला. इकडे चुंबक वेटोळ्यात घालायचा, आणि मग तिकडे जाऊन काटा पाहायचा. तो दाराशी पोचेपर्यंत काटा हलून पुन्हा जागेवर आलेला असायचा! मदतीला एखादा पोरगा दुसऱ्या खोलीत बसवला असता तर आज पाठ्यपुस्तकात वेगळं नाव असतं.

फॅरडे हा लोहाराचा मुलगा. जन्म १७९१चा. शाळा जेमतेम, मग पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. बांधायला येणारी पुस्तकं वाचूनच तो शिकला. १८१२ साली त्याने हम्फ्री डेव्ही या प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकली, त्यांची टिपणं काढली, ती स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हीकडे पाठवून दिली. पुढच्या वर्षी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनिसाची नोकरी मिळाली. त्याच्याबद्दल पंतप्रधान, कर आणि नवजात बालक यांचे जे किस्से वक्तृत्व स्पर्धांत हटकून ऐकू येतात, त्यांना त्या काळातला भक्कम पुरावा सापडत नाही, म्हणून ते मी इथे सांगत नाही. त्याच्या रोजच्या नोंदवह्या मात्र शिल्लक आहेत आणि त्या कुठल्याही किश्शापेक्षा वाचनीय आहेत.

त्या नोंदींनुसार, त्या ऑगस्टमध्ये त्याने मऊ लोखंडाचं एक कडं करून घेतलं होतं. बाहेरून मोजलं तर सहा इंच रुंद, आणि जाडी इंचाला थोडी कमी. कड्याच्या एका अर्ध्या भागावर तांब्याची तार गुंडाळली. आजच्यासारखी रोगण दिलेली तार तेव्हा बाजारात मिळत नव्हती, म्हणून वेढ्यांच्या मध्ये सुतळी आणि थरांच्या मध्ये सुती कापड घातलं. मध्ये थोडी जागा सोडून दुसऱ्या अर्ध्या भागावर वेगळी तार, तशीच गुंडाळलेली. या दुसऱ्या तारेची टोकं जोडून ती तार तीन फूट अंतरावरच्या एका चुंबकसूचीवरून नेली. मग पहिल्या वेटोळ्याला बॅटरी जोडली.

सुई थरथरली. दोनचार झोके खाल्ले आणि होती तिथे येऊन थांबली. बॅटरी जोडलेलीच होती, पहिल्या तारेत वीज वाहतच होती, पण सुई शांत. मग फॅरडेने बॅटरी सोडवली. सुई पुन्हा हलली आणि पुन्हा शांत झाली.

बॅटरी जोडलेली असताना काही नाही, सोडवलेली असतानाही काही नाही. जे काही घडतं ते जोडण्याच्या आणि सोडवण्याच्या क्षणी. दुसरा कुणी असता तर 'धक्का लागला असेल' म्हणून त्याने दुर्लक्ष केलं असतं. फॅरडेलाही लगेच खात्री नव्हती. सप्टेंबरमध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की काहीतरी चांगलं गळाला लागलंय असं वाटतं, पण मासा आहे की नुसतं शेवाळ, ते ओढून काढल्यावर कळेल.

१७ ऑक्टोबरला त्याने बॅटरी बाजूलाच ठेवली. कागदाच्या पोकळ नळीवर तारेचे वेढे दिले आणि साधा दांड्यासारखा चुंबक झटकन आत सारला. काटा हलला. बाहेर ओढला, काटा उलट्या बाजूला हलला. आत नुसता ठेवला, काही नाही. म्हणजे चुंबक असणं पुरेसं नाही. वेटोळ्यातून जाणारं चुंबकत्व बदलत असलं पाहिजे. वाढलं तरी चालेल, घटलं तरी चालेल, पण बदल हवा. आणि बदल जितका झपाट्याने, तितका विजेचा दाब जास्त. वेढे जितके जास्त, तितकाही दाब जास्त. आपल्या पाठ्यपुस्तकात 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' असं जे भारदस्त नाव येतं, त्याचा गाभा एवढाच आहे. त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्याने मोठ्या चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून सलग वाहणारी वीज मिळवली. जगातलं पहिलं जनित्र ते. २४ नोव्हेंबरला रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला गेला. अमेरिकेत अल्बनीला शिकवणारा जोसेफ हेन्रीही याच वाटेवर होता, पण त्याचं लिखाण १८३२मध्ये छापून आलं.

मग ही वीज फुकट मिळते का? चुंबक तर झिजत नाही! याचं उत्तर लेन्झ या शास्त्रज्ञाने १८३४ साली नियमाच्या स्वरूपात मांडलं. प्रवर्तनाने निर्माण झालेली वीज नेहमी, ज्या बदलामुळे ती निर्माण झाली त्या बदलालाच विरोध करते. चुंबक आत सारायला जाल तर वेटोळं त्याला बाहेर ढकलतं, बाहेर ओढायला जाल तर धरून ठेवतं.

हे घरी पाहता येतं. पडदे लावायचा अॅल्युमिनियमचा जाड पाइप असतो ना, तसा मीटरभर लांबीचा तुकडा घ्या. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे आधी तपासा. पाइप उभा धरून त्यात लोखंडाचा खिळा सोडा. अर्ध्या सेकंदाच्या आत खाली पडेल. मग त्यात सैलसर बसेल असा एक जोरदार चुंबक सोडा, हल्ली निओडिमियमचे मिळतात तसला. तो तरंगत असल्यासारखा सावकाश उतरतो. वरून डोकावून पाहिलं तर भिंतीला न टेकता चाललेला दिसतो. त्याच्या पडण्यामुळे पाइपात गोल फिरणारी वीज निर्माण होते आणि तीच त्याला खाली यायला अडवते. लहान मुलं हा प्रयोग दहादहा वेळा करून पाहतात. मोठ्यांनाही आवडतो, पण ते कबूल करत नाहीत.

ज्यांनी सायकलचा जुना डायनॅमो वापरला आहे त्यांना लेन्झचा नियम मांड्यांमधून ठाऊक आहे. अंधार पडला, डायनॅमो चाकाला टेकवला की पेडल जड व्हायचं. त्यातला काही भाग चाकावरच्या घर्षणाचा, पण उरलेला त्या दिव्याची किंमत. म्हणून इंटरनेटवर जे व्हिडिओ फिरतात, मोटारीने जनित्र फिरवायचं आणि त्याच जनित्राच्या विजेवर मोटार चालवायची, वर घरही उजळायचं, त्यांच्यावर एक रुपयाही घालवू नका. अशा यंत्रात कुठेतरी एक वायर टेबलाखालून गेलेली असते.

खोपोलीला टाटांच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तेव्हा ती किंमत लोणावळ्याच्या तलावांतून घाटाखाली पडणारं पाणी चुकवत होतं. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या केंद्रात तेच करतं. कोळशाच्या केंद्रात वाफ करते. चाक फिरवणारं कुणीही असो, शेवटी चुंबक वेटोळ्यासमोरून फिरतो, एवढंच. याला मोठा अपवाद सौर पॅनेलचा. तिथे चुंबकही नाही आणि फिरणंही नाही.

आता त्या डीपीकडे वळू. फॅरडेचं ते लोखंडी कडं म्हणजे डीपीच होती. एका बाजूला एक वेटोळं, दुसऱ्या बाजूला दुसरं, मध्ये लोखंड. फरक एवढाच, की फॅरडेला बॅटरी हाताने जोडावी-सोडवावी लागत होती. आपल्या तारांमधली वीज प्रत्यावर्ती असते, तिची दिशा आपणहून उलटसुलट होत राहते. सेकंदाला पन्नास आवर्तनं. त्यामुळे लोखंडातलं चुंबकत्व सतत बदलत राहतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात वीज सतत निर्माण होत राहते. डीपीचा घूं आवाज हा त्या लोखंडाच्या अगदी सूक्ष्म आकुंचन-प्रसरणाचा. एका आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. बॅटरीची सरळ, एकाच दिशेने वाहणारी वीज डीपीला जोडली तर पलीकडे काहीही मिळणार नाही. वेटोळं तेवढं तापून जळेल.

वेढ्यांच्या संख्येचा हिशोब असा. गावातल्या डीपीत ११,००० व्होल्टच्या बाजूला जितके वेढे, त्याच्या सुमारे चव्वेचाळिसावा भाग वेढे घराच्या बाजूला. म्हणून बाहेर २५० व्होल्ट मिळतात, आणि वाटेत थोडे घटून घरात २३०च्या आसपास पोचतात. एवढा खटाटोप कशाला? तर तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. दाब दहापट केला तर तेवढीच शक्ती न्यायला दशांश प्रवाह पुरतो आणि नासाडी शंभरावा भाग होते. लांबवर न्यायची ती उंच दाबाने, वापरायची ती कमी दाबाने. लोखंड अखंड न घेता पातळ पट्ट्यांचं घेतात ते का, हेही आता लक्षात येईल: पाइपात गोल फिरणारी जी वीज आपण पाहिली, तशीच ती अखंड लोखंडातही फिरून त्याला तापवेल. पट्ट्यांना एकमेकींपासून वेगळं ठेवून तिची वाट अडवतात. इंडक्शनच्या शेगडीत मात्र तीच वीज मुद्दाम भांड्याच्या बुडात फिरवून आपण आमटी उकळतो.

विहिरीवरची मोटारही याच घराण्यातली. तिच्या फिरणाऱ्या भागाला बाहेरून एकही तार जोडलेली नसते. भोवतीच्या वेटोळ्यांत तीन फेजची वीज असं चुंबकत्व निर्माण करते की ते गोल फिरतं, नेहमीच्या एका प्रकारात मिनिटाला १५०० फेऱ्या. त्यामुळे आतल्या भागात वीज निर्माण होते आणि तो त्या चुंबकत्वाचा पाठलाग करू लागतो. पण गाठत कधीच नाही. १४४०च्या आसपास धावत राहतो. गाठलं तर त्याच्या दृष्टीने बदलच उरणार नाही, बदल नाही म्हणजे वीज नाही, आणि वीज नाही म्हणजे जोरही नाही.

आता समजा पंप गाळात अडकला, किंवा एक फेज गेला आणि मोटार उठेचना. आतला भाग जागच्या जागी, भोवतीचं चुंबकत्व मात्र पूर्ण वेगाने फिरतंय. बदल सगळ्यात जास्त. मोटार अशा वेळी नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. सहापट धरला तर उष्णता छत्तीसपट! म्हणून मोटार नुसती गुणगुणत राहिली तर काही मिनिटांत वाइंडिंग जळल्याचा वास येतो. फेज गेला की मोटार आपोआप बंद करणारं उपकरण स्टार्टरमध्ये असतं. जिथे अजून रात्रीच्या पाळीने वीज येते तिथे 'कटकट नको' म्हणून ते काढून टाकलेलं अनेक ठिकाणी दिसतं. पहाटे उठून पाहावं तर पाणीही नाही आणि मोटारही नाही. रिवाइंडिंगवाल्याचं दुकान चालतं ते यामुळे.

शेवटी एक गोष्ट सांगायची आहे, ती जास्त गंभीर आहे. डीपी दोन्ही दिशांनी चालते. कुठल्या बाजूने वीज आली याच्याशी तिला देणंघेणं नसतं. लाइन बंद असताना एखाद्याने दुकानातलं किंवा लग्नाच्या मांडवातलं जनित्र सुरू केलं, आणि मधला चेंजओव्हर स्विच न बसवता सरळ घरच्या वायरिंगला जोडलं, तर त्याचे २३० व्होल्ट उलटे डीपीपर्यंत जातात. तिथे हिशोब तोच, फक्त उलटा: चव्वेचाळीसपट. वरच्या तारेवर दहा हजारांच्या घरातला दाब उभा राहतो. जनित्र लहान असेल तर अख्ख्या गावाचा भार त्याला झेपत नाही आणि ते बहुधा गुदमरून बंद पडतं, हे खरं. पण दुरुस्तीसाठी इतरांचे फ्यूज काढून ठेवलेले असले की ती आडकाठीही राहत नाही. आणि त्याच वेळी दोन किलोमीटरवर, 'लाइन बंद आहे' असा निरोप घेऊन एक लाइनमन खांबावर चढलेला असतो.

छतावर सौर पॅनेल बसवलेले लोक तक्रार करतात, की लख्ख ऊन असून लाइन गेली की आमचीही वीज का जाते? वीजजाळ्याला जोडलेल्या इन्व्हर्टरने लाइन गेल्याबरोबर आपणहून बंद व्हायचं असतं, ते याच कारणासाठी.

शिवाय कुठल्याही जनित्राविना धोका असतोच. बंद केलेली लाइन जर चालू लाइनच्या शेजारून लांबवर समांतर गेली असेल, तर चालू तारांमधल्या बदलत्या प्रवाहामुळे बंद तारांमध्येही दाब निर्माण होतो. शेजारच्या तारेची वीज न शिवता हिच्यात उतरते. फॅरडेच्या कड्यात उतरली तशीच, फक्त इथे मध्ये लोखंडाऐवजी हवा असते. म्हणून नियम असा आहे, की लाइन बंद केल्यावर ती मृत आहे का हे तपासायचं, आणि मग कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा एकमेकींना आणि जमिनीला जाड वाहकाने बांधायच्या, मगच हात लावायचा. या बांधणीला थोडा वेळ लागतो. खाली उभे राहून 'बटण तर बंद केलंय, आता कशाची वाट पाहतोस' असं लाइनमनला विचारणारे गावात दोघंचौघं तरी निघतात. वाट तो त्या बांधणीची पाहत असतो.